स्थिरांक खरेच स्थिर असतो का?

पाण्याचा विद्युत् अपारक स्थिरांक सुमारे 80, असे आपण पाठ करतो. पण दृश्य प्रकाशाच्या कंप्रतेला तो जेमतेम 1.8 भरतो! रेणूंतील द्विध्रुवांना क्षेत्राबरोबर वळायला वेळ लागतो आणि प्रकाश तेवढी उसंत देत नाही.

द्रावणातील नैसर्गिक रबराच्या साखळीचे द्विध्रुव तिच्याच दिशेने रांगेत असतात. म्हणून सबंध साखळीला वळावे लागते. राउस यांच्या 1953 च्या गणितानुसार साखळी दुप्पट लांब झाली, की वेळ चौपट. द्रावकाचा परिणाम धरून झिम यांनी 1956 साली तो काहीसा कमी ठरवला. म्हणजे हा विलंब मोजून न दिसणाऱ्या साखळीची लांबी ताडता येते!

नुसता आकडा घोकल्याने ही गंमत हरवते. शिक्षकांनी त्यापुढे कंप्रताही लिहावी. विद्यार्थ्यांनो, न लिहिल्यास जरूर विचारा.