ट्रॉफी आली, पण गल्ला कोणाचा?

व्हिडिओत फुटबॉल क्लबचं उदाहरण घाईत उरकलं, म्हणून इथे लिहितोय.

मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2010 मध्ये बंद झाला. टीम वाईट नव्हती हो, कंपनीने शालेय फुटबॉलकडे लक्ष वळवलं. अशोक पिरामल ग्रुपचा पुणे एफसी 2007 चा, 2012-13 ला आय-लीगमध्ये दुसरा आला, तोही संपला. एफसी पुणे सिटी 2014 ला आयएसएलमध्ये आला, सहमालक हृतिक रोशन! 2017-18 ला सेमीफायनल, 2019 मध्ये गाशा गुंडाळला. ती जागा हैदराबादला गेली.

"आपल्याकडे क्रिकेटच चालतं," असं लोक म्हणतात. मला नाही पटत. या क्लबांचा खर्च तिकिटांवर निघत नव्हता, मालकाच्या दुसऱ्या धंद्यावर चालायचा. तिकडचं मन किंवा दिवस बदलले की इकडे कुलूप. आपल्या नगर जिल्ह्यात अशी दुकानं कमी आहेत का? उसाचं बिल आलं की माल भरायचा, कांद्याचा भाव पडला की भाडं थकवायचं. वर पाटी मात्र झगमगीत.

पुणे एफसीच्या अकॅडमीला 2016 मध्ये गिऱ्हाईक मिळालं, एफसी पुणे सिटीनेच ती घेतली. पोरं घडवायची बसलेली घडी दुसऱ्यालाही चालवता येते. नाव आणि जुन्या मॅचेस कोण विकत घेणार?

गेल्या 3 महिन्यांत घरातून दुकानात किती पैसे टाकले? आकडा कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत हिशोब मांडू.