फॉर्मॅलिनच्या बाटलीचे अर्थशास्त्र

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढली की तिचा तुकडा तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो. त्या तुकड्यात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची ग्राही प्रथिने आहेत किंवा नाहीत, यावर त्या स्त्रीच्या पुढील पाच वर्षांच्या उपचारांची दिशा ठरते. प्रश्न वैद्यकाचा आणि प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र. परंतु अल्प खर्चात मोठे हित कोठे साधते हे पाहणे आमच्याही शास्त्राचे काम असल्याने वाचक हा अधिकारातिक्रम क्षम्य मानतील.

इस्ट्रोजेन ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटले की पेशीला वाढीचा आदेश मिळतो. मात्र हे प्रथिन स्वबळावर उभे राहू शकत नाही. १९६२ साली इटलीतील रिटोसा यांना फळमाशीच्या पेशी तापविल्या असता काही जनुके एकाएकी जागी झालेली दिसली. त्या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांना पुढे ‘उष्माघात प्रथिने’ हे नाव पडले. संकटातच नव्हे, तर एरवीही ती इतर प्रथिनांची घडी सांभाळतात. त्यांपैकी एचएसपी-९० हे प्रथिन ग्राही प्रथिनाला आधार देऊन संप्रेरक येईपर्यंत सज्ज ठेवते; तो आधार सुटला की पेशीच त्याची विल्हेवाट लावते. हा आधारच तोडणाऱ्या औषधांचा शोध अनेक वर्षे चालू आहे. पण स्तनाच्या कर्करोगाच्या नित्याच्या उपचारांत त्यांना अद्याप स्थान मिळालेले नाही.

ग्राही प्रथिनाची जागा अडविणारे टॅमॉक्सिफेन मात्र अर्धशतकापासून उपलब्ध आहे. ग्राही प्रथिने असलेल्या रुग्णांनी ते पाच वर्षे घेतल्यास पुढील पंधरा वर्षांतील या रोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. ती नसल्यास लाभ जवळजवळ नाही. औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि रोजची गोळी चहाच्या पेल्याहून महाग नाही. म्हणजे सारी भिस्त त्या तपासणीवर.

आणि येथेच पाणी मुरते. शरीराबाहेर काढलेल्या तुकड्यातील नाजूक प्रथिने फार काळ टिकत नाहीत. म्हणून तो तासाभराच्या आत पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये बुडवावा, गाठ मोठी असल्यास चिरून ठेवावी आणि किमान सहा व कमाल बहात्तर तास त्यात राहू द्यावी, असा दंडक आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एकतृतीयांश गाठींतच ही प्रथिने आढळली होती. पुढच्या काळात तेथेच हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. भारतीय स्त्रियांचा रोगच निराळा, असे पूर्वी सहज म्हटले जाई. तुकडा टिकविण्यातील व तपासण्यातील उणिवांचाही त्यात वाटा असावा, हे तज्ज्ञांनी नंतर लक्षात आणून दिले.

आता पिंपळनेरची एखादी स्त्री डोळ्यांसमोर आणावी. साक्री, धुळे करीत ती शस्त्रक्रियेपर्यंत पोचते. शस्त्रक्रिया एका गावी, प्रयोगशाळा दुसऱ्या. मे महिन्याच्या खानदेशी उन्हात तिचा तुकडा दुपारभर सलाइनमध्ये पडून राहिला, तर ‘ग्राही प्रथिने नाहीत’ असा अहवाल येण्याचा संभव असतो. तो चुकीचा आहे हे कोणास कळणार? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारांचा खर्च भागतो, हे स्वागतार्हच. परंतु जी गोळी लिहूनच दिली गेली नाही, तिचा खर्च कोणती योजना भागविणार?

मागणी मोठी नाही. गाठीची शस्त्रक्रिया जेथे जेथे होते तेथे योग्य फॉर्मॅलिनची बाटली सदैव भरलेली असावी. तुकडा काढल्याची व बुडविल्याची वेळ चिठ्ठीवर लिहिणे सक्तीचे करावे. आणि वेळ न लिहिलेल्या तुकड्याचा नकारार्थी अहवाल अंतिम मानू नये. नव्या इमारतीचे उद्‌घाटन करता येते, चिठ्ठीवरील वेळेचे करता येत नाही. म्हणूनच बहुधा तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जगाने साठ वर्षे खपून मिळविलेले ज्ञान आपल्या तालुक्यापर्यंत येते आणि एका बाटलीअभावी दाराशीच थांबते, हा अपव्यय कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो घरोघरच्या आयाबहिणींना मात्र भोगावा लागतो.