रात्रीच्या ओलिताला हातमोजे हवेत

वाशिम जिल्ह्यात बर्फ पडत नाही. त्यामुळे थंडीच्या हातमोज्यांचा विषय निघाला की तो मोटारसायकलवाल्यांपाशीच संपतो. खरी गरज आहे ती रात्री हरभऱ्याला पाणी देणाऱ्यांना.

स्प्रिंकलरचा एक पट्टा भिजला की मोटर बंद करून पाइप पुढच्या पट्ट्यात न्यायचे. पाइपात उरलेलं पाणी थेट बाहीत शिरतं. जोडाची कडी चिखलाने घट्ट बसलेली, आणि ती उघडायला अंगठा अन् दोन बोटंच लागतात. बोटांच्या त्वचेचं तापमान 15 अंशांखाली गेलं की हालचाल अडखळू लागते. ओल्या हातावर वारा लागला की तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

मग मोजे कसे हवेत? नॉर्वेत बर्फाच्या लांबलचक वाटांवर स्की करणारे जाडजूड हातमोजे टाळतात. श्रमाने अंग तापतं, तळवा घामेजतो आणि ओला मोजा उलट हात गारठवतो. म्हणून त्यांच्या मोज्याची पाठ वारा अडवणारी आणि तळवा पातळ, काठीवर पकड देणारा असतो. ओलीत करणाऱ्यालाही हेच हवं, फक्त पाणी आत न शिरणारं.

बाजारातले लोकरी मोजे पाणी पितात. त्यावर सैल रबरी मोजे चढवले तर बरंच भागतं. मात्र ते घालून स्टार्टरच्या पेटीत किंवा डीपीवर हात घालू नये! भांडी घासायचे मोजे विजेचा धक्का अडवतीलच असं नाही; त्यासाठीचे तपासलेले मोजे वेगळे असतात.

फवारणीसाठी संरक्षक कपड्यांची तरतूद 1971 च्या कीटकनाशक नियमांतच होती. तरी शेजारच्या यवतमाळात 2017 साली फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी दगावले, तेव्हा कुठे मोजे आणि मास्क चर्चेत आले. थंडीसाठीही तेवढीच वाट पाहायची का?

रात्रीचं ओलीत टाळायला दिवसा वीज हाच खरा उपाय, हे म्हणणं रास्तच. त्यासाठीची सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, 2023 पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. पण जिथे अजून रात्रपाळी आहे, तिथला हरभरा सौर प्रकल्पासाठी थांबत नाही. कृषी विभागाने मोजे द्यायचे ठरवलंच, तर एकाच मापाचे घेऊ नयेत. पाइप उचलायला बायकाही असतात, आणि हाताला फार मोठ्या मोज्यात पाइपाची कडी सापडतही नाही.