फ्रँकेनस्टाइनचा गुन्हा कोणता?

दहावी झालेल्या मुलीला पुढे शिकवा, असे सांगायला आम्ही उर्दू शाळांचे शिक्षक घरोघर जातो, तेव्हा एक उत्तर ठरलेले असते : ‘जास्त तालीम डोक्यात जाते.’ हे म्हणणाऱ्यांत आता शिकलीसवरलेली मंडळीही आहेत. ती फ्रँकेनस्टाइनचा दाखला देतात. इल्माला हद्द घातली नाही की राक्षस जन्माला येतो, म्हणतात. आमचा त्यांना साधा सवाल आहे. जनाब, ती कादंबरी तुम्ही वाचली आहे का?

मेरी शेलीने ती १८१६ साली जिनिव्हाच्या सरोवराकाठी लिहायला घेतली, तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. १८१८ मध्ये कादंबरी लंडनला छापली गेली, तीही लेखिकेच्या नावाविना. त्यातला फ्रँकेनस्टाइन हा राक्षस नव्हे, त्याला घडवणारा विद्यार्थी. राक्षसाला तर नावच नाही. निर्माण केलेल्या जिवाने डोळे उघडताच हा विद्वान घाबरून पळाला. त्याला नाव दिले नाही, आसरा दिला नाही. पुढे या जिवाने विद्वानाच्या धाकट्या भावाचा खून केला आणि जस्टिन नावाची निरपराध मोलकरीण फासावर गेली. खरे ठाऊक असूनही विद्वान गप्प राहिला. हा गुन्हा इल्माचा की पळपुटेपणाचा?

ज्ञान किती घातक असते, हे तो उत्तरेच्या बर्फात अडकलेल्या जहाजावर कप्तानाला बजावतो, हे खरे. आमचे उपदेशक तेवढेच उचलतात. पण मरताना तोच म्हणतो की आपण फसलो, तरी दुसरा कुणी यशस्वी होईलही. हे मात्र कुणी सांगत नाही.

मार्लोच्या नाटकातल्या डॉक्टर फॉस्टसचेही तेच. चोवीस वर्षांच्या ताकदीसाठी त्याने सैतानाला आत्मा विकला. त्या वर्षांत केले काय? पोपची थट्टा, बादशहापुढे जादूचे खेळ, एका बेगमेसाठी अवेळी द्राक्षे. फार शिकल्याने तो बुडाला म्हणता? शिकलेले त्याने तमाशात उधळले, म्हणून बुडाला.

आता या दाखला देणाऱ्यांना ठाऊक नसलेली गोष्ट. याच कादंबरीत साफी नावाची एका तुर्क व्यापाऱ्याची मुलगी आहे. तिची आई अरब ख्रिस्ती. आईने तिला ज्ञानाची ओढ लावली आणि लेखिका लिहून जाते की ही ओढ मुसलमान स्त्रियांना मना आहे. साफी बापापासून पळून फेलिक्सच्या घरी येते. तिथे तिला मिळणारे धडे भिंतीच्या फटीतून ऐकत तो बेनाम जीव भाषा शिकतो.

हा आमच्या दीनवर आरोप आहे आणि तो खोटा आहे. पहिली वही ‘वाच’ या हुकमाने सुरू झाली. इल्म वाढव, अशी दुआ कुराणाने शिकवली. किती वाढव, याची मोजपट्टी दिली नाही. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी पनाह मागितली ती नफा न देणाऱ्या इल्मापासून. आम्हाला हीच हद्द मान्य आहे : शिकलेले कुणाच्या उपयोगी पडावे आणि जे घडवले त्याची जबाबदारी घ्यावी. ही हद्द मुलग्यालाही तेवढीच लागू आहे. मग तिचा धाक फक्त मुलीलाच का?

दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या मुलीने आमच्याबद्दल चुकीचे लिहिले. तिचीच कादंबरी पुढे करून आपल्या लेकीला घरी बसवणारा तो खोटा आरोप खरा करून दाखवतो. इस्लामची याहून मोठी बदनामी कोणती?

येत्या जूनमध्ये अकरावीचा फॉर्म घेऊन आम्ही पुन्हा दारात येऊ. नाही म्हणायचे असेल तर कॉलेज लांब आहे, फी परवडत नाही, असे खरे कारण सांगा. त्यावर आपण मिळून मार्ग काढू. फ्रँकेनस्टाइनला मात्र मध्ये आणू नका.