वैमानिकाची विश्रांती हा सल्ला नाही, कायदा आहे

ब्रह्मपुरी : डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमाने धडाधड रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजारावर उड्डाणे गेली. अडकलेल्या लोकांनी राग काढला तो वैमानिकांवर आणि 'नव्या नियमां'वर. पण नियम नेमका होता काय?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. सर्वात वर संसदेचा कायदा, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला भारतीय वायुयान अधिनियम. त्याखाली केंद्र सरकारचे नियम आणि त्याखाली डीजीसीएने ठरवलेल्या अटी. या तिन्ही गोष्टी बंधनकारक आहेत. मोडल्या तर वैमानिकाचा परवाना निलंबित होऊ शकतो, कंपनीला दंड बसू शकतो.

ड्युटीच्या नव्या अटी जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाल्या होत्या. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. रात्र पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरायची ठरली. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेल्यावर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत त्या लागू झाल्या. म्हणजे तयारीला दीड वर्षाहून जास्त वेळ मिळाला. तरी वैमानिक कमी पडले, आणि रात्रीच्या अटींतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली.

खरा प्रश्न इथेच आहे. थकलेल्या वैमानिकाने विमान उडवू नये, ही जबाबदारी कायदा त्याच्यावरही टाकतो. त्याला सूट नाही. मग तयारी न करणाऱ्या कंपनीला ती का मिळावी? प्रवाशांचे हाल थांबवायला सूट दिली, हे खरे. पण गर्दी झाली की नियम ढिला होतो, हा संदेश धोक्याचा आहे.

आपल्या भागातले लोक हज-उमऱ्यासाठी नागपूर गाठतात. घरातली म्हातारी माणसे त्या विमानात बसतात. रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत आपण त्यांना बसवत नाही. मग 'क्रूची ड्युटी संपली, दुसरा क्रू येतोय' असे सांगितले, तर वैमानिकावर ओरडू नका. तो कायदा पाळतोय. जाब विचारायचा तर दुसरा क्रू तयार का ठेवला नाही, हे कंपनीला विचारा.

आणि गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक व्हायला निघालेल्या मुला-मुलींनी हेही शिकून घ्यावे : 'आज मी थकलोय' म्हणणे हा कमकुवतपणा नाही, ते कर्तव्य आहे.