मापात पाप

आमच्या शहराला सुख झालंय. तसा फ्लेक्सच लागलाय, एसटी स्टँडच्या तोंडाशी. वर हात जोडून उभे असलेले पुढारी, खाली झाडू मारणाऱ्या एका बाईचा फोटो. पुढाऱ्यांची नावं आहेत, पदं आहेत. बाईला नाव नाही. शहर वरच्या नंबरात आलं म्हणून नागरिकांचं अभिनंदन केलंय. ती बाई नागरिकांत मोडते की झाडूत, ते फ्लेक्सवर लिहिलेलं नाही.

मित्रहो, ह्या सुखाच्या मोजणीतला मी एक हमाल होतो. म्हणून हे लिहितोय. बाहेरून दगड मारत नाही, आतला माणूस म्हणून कबुली देतोय.

सर्व्हेचा ठेका एका एजन्सीनं घेतला. तिनं तो दुसऱ्याच्या गळ्यात घातला, आणि दुसऱ्यानं आमच्यासारख्या बी.ए. होऊन कट्ट्यावर बसलेल्यांना गोळा केलं. फॉर्ममागं पैसे. हातात टॅब. प्रश्न ठरलेले. पाणी पुरेसं येतं का? घंटागाडी रोज येते का? रात्री बाईमाणूस बिनधास्त फिरू शकतं का? शहरात राहून तुम्ही समाधानी आहात का? आणि शेवटी एक शिडी : समजा दहा पायऱ्यांची शिडी आहे, सर्वात वर सर्वात चांगलं आयुष्य, तळाला सर्वात वाईट. तुम्ही कितव्या पायरीवर?

सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला. ‘मेन रोडच्या दोन्ही बाजू धर, लवकर उरकतं. झोपडपट्टीत शिरू नको. तिथं लोक बोलत बसतात.’

तिथं लोक बोलत बसतात! म्हणजे ज्याच्याकडं सांगण्यासारखं आहे त्याच्याकडं जायचं नाही. ज्याला सांगायचं काही नाही, ज्याचा नळ, गटार, रस्ता सगळं ठाकठीक, त्याला विचारायचं, बाबा तू सुखी आहेस का. हे असलं सुख मोजायला टॅब कशाला लागतो? मेन रोडच्या गॅलऱ्यांतल्या कुंड्या मोजल्या तरी भागतं.

तरी मी आमच्या वस्तीत शिरलो. माझी मावशी नगरपालिकेच्या झाडू खात्यात ठेकेदाराकडं आहे. बरीच वर्षं झाली, अजून कायम नाही. तिला शिडीचा प्रश्न विचारला.

‘कुणाची शिडी?’ मावशी म्हणाली.

‘कुणाची न्हाई गं. समजायची.’

‘मग शिडी धरून खाली कोण उभं ऱ्हातं, त्ये लिवायला जागा हाय का त्यात?’

नव्हती. तसं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘आठ लिव.’

‘मावशे, आठ?’

‘लिव म्हंते ना. कमी लिवलंस तर मुकादम इचारंल कोण बोललं. ह्या महिन्याचा पगार अजून हाय त्याच्याकडं.’

मी आठ लिहिलं. बटण दाबलं. आठ वर गेलं, मुंबईला गेलं का दिल्लीला, मला ठाऊक नाही. त्या आठात मुकादम होता, थकलेला पगार होता, पहाटे पाचची हजेरी होती. पण आकड्याला वास येत नाही. तिकडं बसलेल्या साहेबाला एवढंच दिसलं की सफाई कामगार महिला, वय अमुक, समाधान आठ.

आता ही शिडी कुठली, तेही सांगतो. हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६५ च्या पुस्तकात ती मांडली. जागतिक आनंद अहवाल २०१२ पासून निघतो, त्यात देशांचे नंबर ह्याच शिडीवरून लागतात. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८ वा. तिथल्या माणसाला शिडी सुचली ह्यात त्याचा दोष नाही. पण आमच्या मुलखात त्याच्या आधी ४५ वर्षं एका माणसानं दुसरी गोष्ट सांगून ठेवली होती. ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यामजल्यांच्या मध्ये शिडीच ठेवलेली नाही. माणसाची लायकी काही असो, मजला बदलायचा नाही.

ज्या घराला शिडीच नाही त्या घरातल्या माणसाला विचारता, तू कितव्या पायरीवर? तळमजल्यावरचा म्हणतो आठ, कारण त्याला त्याचाच मजला ठाऊक. माडीवरचा म्हणतो सहा, कारण त्याला अजून एक गाडी पाहिजे. दोघांची बेरीज करा, दोनानं भागा. आलं सात. शहर सुखी.

सरकारी मोजणीचंही बघू. २०१८ साली केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयानं राहणीमान सुलभतेचा निर्देशांक काढला. १११ शहरं. पुणं पहिलं. पुण्यात पेढे वाटले असतील, पर्वती पायथ्याच्या वस्त्यांना त्यातला किती पोचला ते पुणेकर मित्रांनी सांगावं. २०२० चा निर्देशांक मार्च २०२१ मध्ये जाहीर झाला. त्यात १०० गुणांचं माप असं : जीवनमान ३५, आर्थिक क्षमता १५, शाश्वतता २०, आणि नागरिकांना काय वाटतं त्याला ३०. मतं दिली ३२ लाखांवर लोकांनी. दहा लाखांच्या आतल्या शहरांत शिमला पहिलं. चार खांब मोजून पाहिले. जात नावाचा खांब नाही. ज्या देशात शहर उभंच जातीच्या खांबावर राहतं, पेठ कुणाची, आळी कुणाची, नाल्यापलीकडं कोण, तिथं नेमका तोच खांब मापातून गायब!

स्वच्छतेचे नंबर २०१६ पासून लागतात. तेव्हा ७३ शहरं होती, मग देशभरची झाली. २०२० साली एक लाखाच्या आतल्या शहरांत कऱ्हाड, सासवड, लोणावळा ही पहिली तीन. तिन्ही महाराष्ट्रातली. छोट्या शहरांनी मोठ्यांच्या नाकावर टिच्चून नंबर काढला, त्याचा आनंदच आहे. माझं भांडण त्या शहरांशी नाही. माझं विचारणं एवढंच, की नंबर शहराला मिळतो तेव्हा झाडणाऱ्याला काय मिळतं? आमच्याकडं पथक यायच्या आदल्या दिवशी हातमोजे आणि गमबूट वाटले. फोटो झाला. संध्याकाळी मोजून परत घेतले. तेवढी मोजणी मात्र चोख झाली. एक जोडी कमी भरली तर पोरांना तासभर थांबवून ठेवलं.

कागदावरचं सुख आणि पाण्याकाठचं सुख ह्यांतलं अंतर आम्हाला कुणी शिकवायला नको. महाड हेही एक छोटं शहरच. १९२३ साली सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. त्या साली कुणी टॅब घेऊन महाडात गेला असता तर त्यानं काय लिहिलं असतं? ‘सार्वजनिक पाणी सर्वांना खुलं आहे का? होय.’ पैकीच्या पैकी गुण! आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून माणसं तळ्यावर गेली, ओंजळभर पाणी प्याली, तेव्हा त्यांची डोकी फुटली. मग दूध, दही, शेण, गोमूत्र ओतून तळं शुद्ध करून घेतलं. त्याच साली ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. हक्काचा निकाल हायकोर्टातून यायला १९३७ चा मार्च उजाडला. महाडचं खरं माप ठरावात नव्हतं. ओंजळ पाण्याला लागली तेव्हा ते निघालं.

तुम्ही म्हणाल, ते इंग्रजांचे दिवस होते. बरं, आपल्या दिवसांकडं या. हातानं मैला साफ करायला लावू नये म्हणून १९९३ साली एक कायदा झाला, २०१३ साली दुसरा. फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकसभेत सरकारनं सांगितलं की गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना पाच वर्षांत ३४० माणसं मेली. त्याच साली जुलैत राज्यसभेत सांगितलं की हातानं मैला साफ करताना कुणी मेल्याची नोंदच नाही. सांगणारे मंत्री रामदास आठवले. आपले. पँथरमधले. ३४० आणि शून्य, दोन्ही एकाच तोंडातून, एकाच वर्षात. कसं? व्याख्येनं. गटारीत मेलेला वेगळ्या रकान्यात, मैल्यात मेलेला वेगळ्या रकान्यात. माणूस एकच, घाण एकच, जातही बहुतेक एकच. रकाना बदलला की मुडदा नाहीसा होतो.

मेल्यानंतरचं माप तेवढं पक्कं ठरलंय. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारीतल्या मरणाला १० लाख ठरवले, २०२३ साली ३० लाख केले. मरणाचा भाव वाढला, चांगलं झालं, विधवेच्या हातात काही पडेल. पण उतरायच्या आधीच्या सुखाचा भाव काय? त्याच्या पोराच्या झोपेचा? तो कुठल्या निर्देशांकात?

इथं आमचे काही पुरोगामी मित्र हळूच म्हणतात, ‘अरे, पण जात विचारली की जात वाढते.’ वा रे वा! घरमालक आडनाव विचारतो तेव्हा वाढत नाही. लग्नाच्या जाहिरातीत छापतात तेव्हा वाढत नाही. सर्व्हेत विचारली की वाढते! विचारता येतं, आणि विचारलंही गेलंय. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशभरच्या ४० हजारांवर कुटुंबांना तोंडावर प्रश्न केला, तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? चारातल्या एकाहून जास्त घरांनी ‘होय’ म्हणून सांगितलं. हे कबूल करणारे. न करणारे किती ते तुम्हीच ताडा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल ह्यांनी खासगी कंपन्यांना नोकरीचे अर्ज धाडून पाहिले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फक्त नावं वेगळी. २००७ साली निष्कर्ष छापले. दलित नावाच्या अर्जाला बोलावणी कमी आली. ह्याला मोजणं म्हणतात. २०२७ च्या जनगणनेत जात मोजायचं सरकारनंही ठरवलंय. मग शहराच्या सुखातच जात का लपवायची?

आता आपल्या घरातली घाण. दुसऱ्याचं माप काढताना स्वतःचं लपवलं तर मीही त्याच ठेकेदाराचा भाऊ.

आमच्या वस्तीच्या मागं नाला आहे. नाल्यापलीकडं मेहतरांची चाळ. माझा फॉर्मांचा कोटा आमच्या वस्तीतच पुरा झाला. मी नाला ओलांडला नाही. ऊन होतं, पैसे तेवढेच मिळणार होते, ही कारणं खोटी नाहीत, पण पुरी खरीही नाहीत. लहानपणी आमच्या आईनं सांगितलं होतं, तिकडं जाऊन पाणी पिऊ नको. आम्ही १९५६ ला धम्म घेतला, भिंतीवर बाबासाहेब लावले, आणि नाल्यापलीकडं बघायचं राहून गेलं. सुपरवायझरनं मला जे सांगितलं ते मी न सांगता पाळलं. मेन रोडला आमची वस्ती नको होती, आमच्या वस्तीला नाल्यापलीकडची चाळ नको होती. मनोरा असाच उभा राहतो. फक्त वरच्यांनी धरून नव्हे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सरासरी बंद करा. समजा शहरात दहा गल्ल्या आहेत. नऊंत रोज पाणी, एकीत चार दिवसांनी. सरासरी काढली तर शहराचं पाणी झकास. पण ती सरासरी कुठल्याच नळाला येत नाही. घागरीला भोक पडलं तर पाणी भोकापर्यंतच ठरतं, काठापर्यंत मोजून काय उपयोग? सर्वात खालच्या गल्लीचा आकडा हाच शहराचा आकडा धरा. त्या मेहतर चाळीला दोन तर आख्ख्या शहराला दोन. मग बघा फ्लेक्स लावायला कोण येतं, आणि पाइपलाइन टाकायला कोण धावतं.

आणि हे प्रश्न घाला. पाण्याची पाळी गल्लीवार किती दिवसांनी? गटारीत उतरणारा कुठल्या जातीचा, कायम की ठेक्यावर, पगार किती महिने थकलेला? घर भाड्यानं घेताना आडनाव सांगितल्यावर किती वेळा खोली ‘आत्ताच गेली’? मयताला स्मशान एक की दोन? आणि शेवटचा : हे उत्तर देताना तुम्हाला कुणाचं भ्याव वाटलं?

पोरांनो, पुन्हा टॅब येतील. तुमच्यातलेच कुणी पैशासाठी ते हातात घेतील, घ्या, पोटाला लाज नसते. पण नाला ओलांडा. लोक बोलत बसतात तिथंच बसा. आणि आयाबायांनो, भ्यालात तर गप्प राहा, पण आठ सांगू नका. तुमच्या आठावर त्यांचे फ्लेक्स उभे राहतात.

माझ्या मावशीचा आठ मी लिहिला. एजन्सीकडं गेलो होतो, म्हटलं खोडायचाय. ते म्हणाले, सबमिट झालेलं खोडता येत नाही.

म्हणून इथं खोडतो. तो आकडा खोटा होता. आता पहिल्यांदा नाल्यापलीकडं जाणार आहे. तिथं जे ऐकीन ते पुढच्या अंकात.

जयभीम.