गाडीतली बटणं परत हवीत

नवी गाडी घेतली की पूर्वी पहिला प्रश्न ठरलेला असायचा : ॲव्हरेज किती देते? आता पेढा तोंडात पडायच्या आधी वेगळाच प्रश्न येतो : स्क्रीन किती इंचाची? सव्वादहा असेल तर ‘बरी आहे’, सव्वाबाराच्या पुढे असेल तर डोळे चमकतात. आणि डॅशबोर्डवर अजूनही गोल नॉब आणि बटणांची ओळ दिसली, तर ‘गाडी जुन्या जमान्यातली वाटते’ असा शेरा पडतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तंत्रज्ञानाची हौस असलेले चार जण जमले की प्रोसेसर, रिझोल्यूशन, सॉफ्टवेअर अपडेट यांवर तासभर गप्पा रंगतात. मलाही त्या आवडतात. पण त्यांत एक प्रश्न क्वचितच निघतो आणि तो आरोग्याच्या सदरात विचारण्यासारखा आहे : वायपरचा वेग वाढवायला किंवा काचेवरची वाफ घालवायला ड्रायव्हरची नजर रस्त्यावरून किती सेकंद हटते?

जुलै महिना डोळ्यांसमोर आणा. ताम्हिणी घाट, धो धो पाऊस, गाडीत पाच माणसं आणि त्यांतल्या तिघांचे कपडे ओले. पावसाने काच बाहेरून गार झालेली असते, आत श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ कोंडलेली असते. ती गार काचेला लागली की तिचे बारीक थेंब होतात आणि ऐन वळणावर समोरचं सगळं पांढुरकं होऊन जातं. उपाय साधा आहे. एसी चालू करून हवा काचेकडे वळवायची. एसीतून येणारी हवा कोरडी असल्यामुळे काच लवकर साफ होते. (एसी फार गार ठेवून झोत काचेवर धरला, तर मात्र वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते. तेव्हा वायपर लावायचा आणि गारवा कमी करायचा. आतून फडक्याने काच पुसत बसणारे पुष्कळ जण दिसतात, त्यांतल्या काहींची वाफ बाहेर असते!) जुन्या गाडीत हे काम डाव्या हाताने एक नॉब फिरवून होतं. अनेक नव्या गाड्यांत आधी स्क्रीनवर एसीचं चिन्ह शोधायचं, ते दाबून पान उघडायचं, मग त्या पानावर काचेचं चित्र शोधून तिथे बोट टेकवायचं. सगळ्या कंपन्यांनी हे केलेलं नाही. काहींनी डिफॉगरचं बटण अजून जपलंय, त्यांचे आभार.

यात शरीराचं काय काय कामाला लागतं ते पाहू. सर्वांत आधी डोळा. आपल्याला सगळा रस्ता एकदम स्पष्ट दिसतो असं वाटतं, पण तो मेंदूने करून दिलेला भास आहे. हात लांब करून अंगठा उभा धरला तर त्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढ्याच भागात डोळ्याची नजर खरी तीक्ष्ण असते. बाकीचं सगळं धूसर. स्क्रीनवरचं बारीक चिन्ह ओळखायचं तर तो नखाएवढा भाग तिथे न्यावाच लागतो, म्हणजे रस्ता तेवढा वेळ धूसर भागात जातो. शिवाय रस्ता दूर आणि स्क्रीन हातभर अंतरावर. डोळ्यातल्या भिंगाला प्रत्येक वेळी आकार बदलून जवळचं स्पष्ट करावं लागतं आणि मान वर केली की पुन्हा दूरचं. विशीत हे इतक्या झटकन होतं की कळतही नाही. चाळिशीनंतर भिंग ताठर होत जातं, आणि म्हणून तर त्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो.

इथे एक गंमत आहे, जी गाडीच्या जाहिरातीत कधी येत नाही. चाळिशीचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटरसाठी काढलेला असतो. डॅशबोर्डची स्क्रीन ६०-७० सेंटीमीटरवर असते. दूरच्या नंबरातून ती अंधुक दिसते आणि वाचायच्या नंबरातूनही नीट दिसत नाही. बायफोकल वापरणारे मग हनुवटी वर-खाली करत योग्य जागा शोधतात. प्रोग्रेसिव्ह काचांमध्ये मधल्या अंतराचा पट्टा असतो खरा, पण तो अरुंद असतो आणि स्क्रीन नेमकी समोर नसून बाजूला असते. मोठी स्क्रीन असलेली महागडी गाडी घेण्याची ऐपत बहुतेकांना ज्या वयात येते, तेच हे वय. डोळे तपासायला जाल तेव्हा डॅशबोर्ड डोळ्यांपासून किती लांब आहे ते मोजून डॉक्टरांना जरूर सांगा.

आता बोट. स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागतं तेव्हा आपण काय करतो? नजर पातेल्यावर असते आणि हात गॅसच्या नॉबकडे जाऊन तो फिरवतोही. नॉब कुठे आहे हे डोळ्यांनी पाहावं लागत नाही. हात शरीरापासून किती दूर, कोणत्या कोनात आहे याची खबर स्नायू आणि सांध्यांमधून मेंदूला सतत मिळत असते. उरलेलं काम बोटांच्या टोकांची त्वचा करते. कडा, खोबण, फिरवताना लागणारा खटका, सगळं तिला कळतं. नॉब एक घर पुढे गेला, हे बोट सांगतं. सपाट काचेवर यातलं काहीच नाही. चित्र कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे बोटाला समजत नाही. दाबलं गेलं की नाही, हेही पुन्हा पाहावं लागतं. हल्ली काही स्क्रीन बोटाला हलकी थरथर देतात. पण ती दाबून झाल्यावर येते, शोधायला तिचा उपयोग नाही.

त्यात आपले रस्ते. लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हाताला तिथे नेमकं पोचायला वेळ जास्त लागतो, हा पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम. त्याचे प्रयोग न हलणाऱ्या टेबलावर झाले होते. खड्ड्यांतून उसळणाऱ्या गाडीत अधांतरी धरलेलं बोट एसीऐवजी भलत्याच चिन्हावर पडतं, मग मागे जा, पुन्हा शोधा. बटणावर निदान हात टेकता येतो. आणि आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे हे सगळं डाव्या हाताने करायचं. बहुतेकांचा तो कमी सराईत हात.

सेकंदांचा हिशेब मांडला की मामला स्पष्ट होतो. ताशी ८० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, दोन सेकंदांत ४४. दोन सेकंदांचा आकडा मी उगाच घेतला नाही. अमेरिकेत १०० गाड्यांवर कॅमेरे बसवून वर्षभर रोजचं ड्रायव्हिंग नोंदवणारा एक अभ्यास व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने केला. २००६च्या त्याच्या विश्लेषणात नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ रस्त्यावरून हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका किमान दुप्पट होतो, असं दिसलं. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाने गाडी उत्पादकांना सुचवलं की डॅशबोर्डवरचं कोणतंही काम दोन-दोन सेकंदांच्या झलकांत आणि एकूण १२ सेकंदांत संपलं पाहिजे.

स्वीडनमधल्या ‘व्ही बिलेगारे’ या मोटार मासिकाने २०२२ मध्ये एक साधी चाचणी घेतली. रिकाम्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटरने गाडी चालवत ड्रायव्हरने तापमान वाढवणं, रेडिओचं स्टेशन लावणं अशी रोजची चार कामं करायची. अकरा आधुनिक गाड्या आणि सोबत २००५ची बटणवाली एक व्होल्वो. जुन्या व्होल्वोत चारही कामं १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये उरकली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत जवळजवळ ४५ सेकंद लागले. तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून पुढे गेली होती. ‘सवय झाली की जमतं’ असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी : या ड्रायव्हरना आधी गाडीची ओळख करून घ्यायला वेळ दिला होता. शिवाय सवय लागायला वस्तू जागच्या जागी राहावी लागते. सॉफ्टवेअर अपडेट आलं आणि चिन्ह दुसऱ्या पानावर गेलं, की हाताला लागलेली सवयच आड येते.

स्क्रीनचा त्रास सगळ्यात महागात पडला तो समुद्रावर. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅक्केन’ ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. चौकशीत अपुरं प्रशिक्षण आणि थकवा यांच्या जोडीला टचस्क्रीनवरच्या नियंत्रणातला गोंधळही पुढे आला. जहाज कोणत्या जागेवरून चालवलं जातंय, हे माणसांना कळेना. दोन पंख्यांचा वेग एकत्र कमी करायचा होता, झाला एकाचाच. हाताने ढकलायचे दांडे असते तर एक पुढे आणि एक मागे हे डोळ्यांना आणि हाताला तत्काळ कळलं असतं. २०१९ मध्ये नौदलाने अशा जहाजांवर पुन्हा यांत्रिक दांडे बसवण्याचा निर्णय जाहीर केला.

मग कंपन्या हे करतात तरी का? सरळ कारण पैशाचं आहे. प्रत्येक बटणाला साचा, वायर, जोडणी, तपासणी लागते. एक स्क्रीन बसवली की सगळं सॉफ्टवेअरवर भागतं, आणि तीच स्क्रीन चार मॉडेल्सना चालते. दुसरं कारण शोरूम. तिथे गाडी उभी असते, खाली चकचकीत फरशी, वर दिवे आणि ग्राहकाची नजर पूर्ण मोकळी. स्क्रीन तिथेच जिंकते. खरं तर ही हौस नवी नाही. ब्युइक कंपनीने १९८६च्या रिव्हिएरा गाडीत टीव्हीसारख्या नळीची टचस्क्रीन बसवली होती. रस्त्यावरून नजर हटते म्हणून लोक कुरकुरले आणि १९९०पर्यंत बटणं परत आली. फोक्सवॅगननेही आता महत्त्वाची बटणं परत आणण्याचं जाहीर केलंय.

‘मग आवाजाने सांगा की,’ असं कुणी म्हणेल. खिडक्या बंद, मुलं झोपलेली, उच्चार स्वच्छ, तर जमतं. पण बोलण्यालाही लक्ष लागतं. यूटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की काही व्हॉइस यंत्रणांशी बोलून झाल्यावर ड्रायव्हरचं लक्ष पूर्ण रस्त्यावर परतायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. यंत्राने आपलं मराठी गाव तिसऱ्यांदा चुकीचं ऐकलं की हा आकडा किती वाढतो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक!

माझा विरोध स्क्रीनला नाही. नकाशा आणि मागचा कॅमेरा यांच्यासाठी ती उत्तमच. गाडी मागे घेताना मागे खेळणारं मूल दिसतं, याहून मोठा फायदा कोणता? आक्षेप आहे तो गाडी धावत असताना, घाईत, भीतीत लागणाऱ्या गोष्टी काचेखाली लपवण्याला. जर्मनीत एका टेस्ला चालकाने पावसात वायपरचा वेग स्क्रीनवरून बदलताना गाडी रस्त्याबाहेर घातली. कार्ल्सरूच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने २०२० मध्ये २०० युरो दंड आणि महिनाभर वाहनबंदी कायम ठेवली. गाडीतली स्क्रीन हेही फोनसारखंच उपकरण, असं न्यायालयाने मानलं. आपला मोटार वाहन कायदा २०१९च्या दुरुस्तीनंतर हातात धरलेल्या फोनबद्दल कडक आहे. डॅशबोर्डमध्ये ठोकून बसवलेला, फोनपेक्षा चौपट मोठा पडदा त्याच्या नजरेत येत नाही. आणि पोलिसाने पकडावं अशी ही बाब आहे असंही मला वाटत नाही. चालकाला दंड करण्याआधी वायपर स्क्रीनमध्ये कुणी घातला, हे विचारायला हवं.

युरोपातल्या ‘युरो एनकॅप’ने तो प्रश्न विचारलाय. २०२६पासूनच्या नियमांत पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीचा कॉल या पाच गोष्टींना हाताला लागणारी खरी बटणं हवीत. आपल्याकडे डिसेंबर २०२३पासून ‘भारत एनकॅप’चे तारे मिळू लागले, आणि ग्राहक ते विचारू लागलेत, ही मोठी गोष्ट. धडक झाल्यावर आतली माणसं किती वाचतात, यावर त्याचा मुख्य भर आहे. त्यात बटणांची अट यायला हवी, आणि आपली यादी सहा गोष्टींची हवी. सहावी, काचेवरची वाफ घालवण्याचं बटण. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या देशात ते तर पहिल्या क्रमांकावर हवं.

तोवर गाडीची ट्रायल घ्यायला जाल तेव्हा हे करून पाहा. गाडी उभी असताना ड्रायव्हरच्या जागी बसा, डोळे मिटा आणि बाजूच्या माणसाला सांगायला लावा : हॅझर्ड. वायपर. समोरच्या काचेची वाफ. आवाज कमी. हात किती वेळा योग्य जागी पोचतो, ते मोजा. पहिल्याच प्रयत्नात अडखळलात, तर शोरूममधला मुलगा बहुधा लगेच सनरूफ उघडून दाखवेल.